दाराची कडी

मुलांनो, खोपोलीला आमच्या शेजारी एक ड्रायव्हर राहत असत. ते दुसऱ्याचा ट्रक चालवत आणि स्वतःसाठी एक शोधत होते. साजगावच्या कारखान्याचा तातडीचा माल घाट चढून पुण्याला पोचवायचा, हे काम त्यांना हवे होते.

ट्रक पसंत करण्यापूर्वी ते बायकोला शेजारी बसवून घाटात चक्कर मारत. उतारावर तिने दाराची कडी धरली, की ट्रक नापसंत.

"तिचा हात खोटं बोलत नाय, वैनी," असे मला म्हणत ते चहा बशीत ओतत.

असे बरेच ट्रक परत गेले. शेवटी कारखान्याचे साहेब म्हणाले, या आठवड्यात गाडी आणा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. दुसऱ्याच दिवशी दारात एक लाल, दणकट ट्रक उभा राहिला. बायको पदर खोचून चढू लागली.

"तू ऱ्हा गं घरी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

"का वो? आज माझा हात नाय बघायचा?"

ते हसले नाहीत. एकटेच घाटात जाऊन आले आणि म्हणाले, "घेतला."

ती माझ्या शेजारी उभी होती. तिने आमच्या फाटकाची कडी घट्ट धरली होती.