“मला माहीत नाही” म्हणणारे सासरे

माझी लेक जन्मल्यावर रडली नाही. डॉक्टर आणि सिस्टर तिच्याभोवती धावपळ करत होते आणि मी पडल्या पडल्या त्या एका आवाजाकडे कान लावून होते. तो आला, पण फार उशिरा. त्या उशिराचा अर्थ ती वर्षाची होत आली तेव्हा कळला. मान धरत नव्हती, मुठी सुटत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, सेरेब्रल पाल्सी. चालेल अशी आशा ठेवू नका.

आम्ही बडोद्यात, दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. तेव्हा घरात आम्ही नवरा-बायको आणि माझे सासरे. सासूबाई आधीच गेलेल्या. सासरे वीज खात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. सकाळी गणपतीची पूजा ते करायचे, संध्याकाळी देवापाशी दिवा मी लावायचे. डॉक्टरांकडून आल्यावर मी तो लावणं सोडलं. लावावासाच वाटेना. मग सासरे तिन्हीसांजेला स्वतः उठून दिवा लावू लागले.

त्या वर्षी गणपतीत नवऱ्याचे चुलत काका पुण्याहून आले. प्रवचनं करायचे ते. जेवणं झाली होती, मी लेकीला मऊभात भरवत होते. काका तिच्याकडे बघून म्हणाले, “सूनबाई, मनाला लावून घेऊ नकोस. गेल्या जन्मीचं काही राहिलं असेल, ते भोगून संपवायला असे जीव येतात.”

माझा हात थांबला. सासरे सुपारी कातरत होते, त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“शास्त्रात आहे, दादा.”

“असेल. पण माझ्या घरात या पोरीच्या पापाची गोष्ट पुन्हा काढायची नाही.”

आवाज जराही चढला नव्हता. काका दुसऱ्या दिवशी सकाळची आरती करून गेले.

मला बरं वाटलं, पण प्रश्न काही जाईना. एका दुपारी सासरे देवाची उपकरणी घासत बसले होते. मी जवळ जाऊन विचारलं, “बाबा, काकांचं नको, तुम्ही सांगा. देव दयाळू आहे ना? मग हिला असं का?”

त्यांनी हातातलं ताम्हन पुसून खाली ठेवलं.

“मला माहीत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच. मी रोज त्याला हेच विचारतो. हल्ली पूजा कमी आणि भांडणच जास्त होतं. उत्तर मिळत नाही. पण भिंतीशी बोलतोय असंही कधी वाटलं नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझं दिवा लावणं बंद आहे ते असू दे. तुझ्या वाटचं मी विचारतो.”

मी तिथेच बसून रडले. तोवर भेटेल त्याच्याकडे उत्तर होतं. कुणी कर्म म्हणे, कुणी परीक्षा, कुणी म्हणे देव अशी मुलं निवडक आयांनाच देतो. उत्तर नसताना माझ्याबरोबर बसणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. दिवस चालू राहिले. तळमजल्यावरच्या गुजराती मासी रोज सकाळी वर यायच्या, “लाव बेन, दीकरीने मने आप,” म्हणत लेकीला मांडीवर घ्यायच्या आणि गरम तेलानं तिचे पाय चोळायच्या. नवरा ऑफिसला जाण्याआधी तिचा व्यायाम घ्यायचा. संध्याकाळी सासरे तिला रिक्षानं सुरसागर तलावावर फिरवून आणत. रिक्षा स्पीडब्रेकरवरून उडाली की ती खळखळून हसते, हा शोध त्यांचाच. मग ते रिक्षावाल्याला म्हणत, “भाई, फरी एक वार,” आणि तोही रिक्षा वळवून पुन्हा त्यावरून नेई. हे मला एका रिक्षावाल्यानंच सांगितलं. तो भाडं घ्यायला तयार नव्हता.

अशाच कुठल्याशा दिवसांत मी पुन्हा दिवा लावू लागले. ठरवून नाही. एकदा सासरे तापानं पडले होते, अंधार पडत आला होता, हात आपोआप काडेपेटीकडे गेला.

लेक आता मोठी झाली आहे. चालत नाही. बोलते सावकाश, परक्याला कळत नाही. अशा मुलांच्या एका कार्यशाळेत राख्यांवर टिकल्या चिकटवते आणि घरी येऊन कुणाच्या टिकल्या वाकड्या लागल्या ते आम्हाला ऐकवते. सासऱ्यांना शेवटी पक्षाघात झाला, जीभ जड झाली. ते काय म्हणतात ते आम्हाला उमगेना, हिला उमगे. त्यांच्या खाटेला खुर्ची लावून बसायची आणि म्हणायची, “आबा, घाई नको. मी आहे.” ती बसली की त्यांचा चेहरा निवायचा. ते गेले तेव्हाही तीच जवळ होती.

देवानं आमच्या भल्यासाठी हे दिलं, असं मी म्हणणार नाही. तिला कळ येते तेव्हा तिचा चेहरा मी बघते, आणि ते वाक्य मला आजही खोटं वाटतं. पण तेल लावणाऱ्या मासी, रिक्षा वळवणारी माणसं, भांडून का होईना पण देवाला न सोडणारे सासरे, ही सगळी माझ्या वाट्याला आली, त्याबद्दल कुणाचे आभार मानू म्हटलं तर माझे हात त्या देवापुढेच जोडले जातात. संध्याकाळी दिवा लावून देवापाशी बसले की लेक मागून हाक मारते, “आई, झालं का?” तिला लीलो चेवडो, इथला तो बटाट्याचा ओलसर चिवडा, हवा असतो, त्यातले बेदाणे मी वेचून द्यायचे असतात. मी उठते.