आखाड्यात धरलेला हात

कुस्तीची बातमी लिहिण्याची एक पद्धत आहे. फड रंगतो, प्रेक्षकांच्या डोळ्यांचे पारणे फिटते, मानाची कुस्ती पहिल्या परिच्छेदात जाते. मुलींची कुस्ती झालीच असेल तर ती शेवटच्या ओळीत, उपस्थितांच्या यादीच्या थोडी वर. परभणीत वार्ताहर म्हणून अठ्ठावीस वर्षे मी ही पद्धत पाळली. ती कुणी घालून दिली हे मला सांगता येणार नाही. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, आणि खाली काय ठेवायचे ते मीच ठरवत होतो.

माझे स्वतःचे कुस्तीचे ज्ञान चार महिन्यांचे आहे. चौदाव्या वर्षी वडिलांनी मला तालमीत घातले. पहिला महिना मी माती उकरली. दुसऱ्या महिन्यात मला पाडून पाडून इतर मुले कंटाळली. तिसऱ्या महिन्यात उस्तादांनी माझ्याकडे हजेरीची वही दिली आणि चौथ्याच्या शेवटी वडिलांना बोलावून सांगितले, "पोराचं अक्षर लय चांगलं हाय." पत्रकारितेतला माझा प्रवेश तो.

आजोबा सांगत त्या निजामाच्या काळात गल्लीगल्लीला तालीम होती. गल्लीची इज्जत पैलवानाच्या खांद्यावर असे. एकाच मातीत दोन्ही धर्मांची पोरे लोळत आणि उस्ताद कोणत्या धर्माचा, याची चौकशी शिकून झाल्यावरही कुणी करीत नसे. वडिलांच्या काळात शाळा वाढल्या, शिट्टी आली, खो-खो आणि कबड्डीचे संघ आले. अंग कमवायचे ते आता तालुक्याच्या नावासाठी. माझ्या पिढीने क्रिकेट घेतले, कारण त्यात पुष्कळ वेळ उभे राहता येते. आज पहाटे जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर मुले-मुली धावताना दिसतात ती पोलीस भरतीसाठी, आणि तालमीच्या जागेवर आरसे लावलेली व्यायामशाळा असते. बायका मात्र कुस्तीला पूर्वी आखाड्याजवळ येत नसत. त्या घरांच्या माळवदांवर, म्हणजे मातीच्या धाब्यांवर, बसून बघत. मी त्या माळवदांकडे बघून 'महिलांची उपस्थिती लक्षणीय होती' असे लिहीत असे.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात झरीच्या पुढच्या एका गावात जत्रा होती. मी मोटारसायकलवर वार्तांकनाला गेलो. पोचताच मला फेटा बांधण्यात आला, म्हणजे वर्तमानपत्राचा प्रतिनिधी होतो तो मी पाहुणा झालो. पाहुण्याला खुर्ची मिळते आणि वही मांडीखाली जाते.

दुपार कलल्यावर पाथरीकडची एक मुलगी आखाड्यात उतरली. वय एकोणीस, वजन साठच्या आसपास. सोबत वडील, थोड्या जमिनीचे शेतकरी, तरुणपणी स्वतः खेळलेले. तिच्या जोडीची मुलगी येणार होती, ती आली नाही. अशा वेळचा एक जुना रिवाज आहे. जोड नसलेला पैलवान उजवा हात पुढे करून आखाड्याला फेरी मारतो. ज्याला लढायचे असेल त्याने उतरून तो हात धरायचा. हात धरला की कुस्ती ठरली. नंतर न लढता जो हात सोडेल तो हरला. हा रिवाज मला माहीत नव्हता असे म्हणायची सोय नाही. त्यावर मी रविवारच्या पुरवणीत अर्धे पान लेख लिहिला होता.

मुलीने तीन फेऱ्या मारल्या. दोराच्या कडेने बसलेले पैलवान मोबाइलमध्ये बघू लागले. एकाचा गुडघा त्याच क्षणी दुखू लागला, एकाला उपवास आठवला. ताडकळसचा एक पैलवान वजनाने बरोबर जुळत होता. मित्र त्याला ढोसत होते.

"जा की बे."

"जिकलो तर म्हणतेल, पोरीला पाडलं. हरलो तर गावात कोणत्या तोंडानं जाऊ?"

मुद्दा बिनतोड वाटला म्हणून मी तो टिपून घेतला.

मुलीचे वडील माझ्या खुर्चीजवळ येऊन उकिडवे बसले. "साहेब, ही ह्या मोसमातली चौथी जत्रा. तीन ठिकाणाहून नारळ घेऊन वापस गेलो. जोड न्हाई म्हणतेत, सत्कार करतेत, फोटो काढतेत. आता तिची माय म्हणायली, नारळच आणायचा तर बाजारातून आणा, पोरीला कामून फिरवायलाव. आज कुस्ती न्हाई लागली तर बंद करायचं, असं ठरवून निघालाव आमी."

"बातमीत घेतो," मी म्हणालो. हे वाक्य मी सगळ्यांनाच म्हणतो.

तेवढ्यात निवेदकाने माइकवरून जाहीर केले की या वाघिणीचा सत्कार पत्रकार साहेबांच्या शुभहस्ते होईल. मी बूट काढले. उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होते, ते गावाने पाहिले. मातीत उतरून मी तिच्या डाव्या हातात नारळ दिला. चौथी फेरी अर्धवट राहिल्याने तिचा उजवा हात अजून पुढेच होता. मी तो धरला. अभिनंदन करताना हात मिळवण्याची सवय मला पत्रकार परिषदांमध्ये लागली आहे. मी तो नुसता धरला नाही, दोनदा वर-खाली हलवला.

हलगी थांबली. मग दुप्पट वेगाने सुरू झाली.

सत्तरीतले पंच, ज्यांना सगळे आबा म्हणत, शिट्टी वाजवून पुढे आले. "हात धरला."

"आबा, मी सत्काराला आलोय."

"सत्कार झाला की. नारळ दिलाव, मंग हात धरलाव. सगळ्यानं बघितलंय."

निवेदकाने माझा हुद्दा आणि वर्तमानपत्राचे नाव दोनदा पुकारले. गर्दीतून सूचना आल्या.

"साहेब, फेटा काढून ठिवा, पडंल."

"मंग बातमी कोण लिवणार?"

मी आशेने मुलीच्या वडिलांकडे पाहिले. बाप म्हणून ते हरकत घेतील, असा माझा अंदाज होता. ते मला बैलबाजारात बघतात तसे पायापासून वर बघत होते.

"वजन किती हाय साहेब?"

"ब्याऐंशी."

"बाई, वीस-बावीस किलो जास्तीचे हायेत. खेळतीस का?"

मुलीने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. "काका, बीपी हाय का?"

"थोडं आहे."

"गोळी घेतली का?"

"सकाळी."

"मंग चालतंय."

आबांना माझी दया आली असावी. हात सोडून हरलो म्हणा आणि बाहेर या, पोरीला विजयी लिहितो, असे ते हळूच म्हणाले. मी तोंड उघडलेही होते. पण मुलगी आधी बोलली.

"तसं नको आबा. तसले नारळ हायेत की घरी."

या ठिकाणी मी धैर्याने थांबलो असे लिहायला मला आवडले असते. खरे असे की तिने माझा हात सोडला नव्हता.

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तिने नारळ वडिलांकडे दिला, मूठभर माती उचलून माझ्या तळहातांना आणि खांद्यांना लावली. ताक, हळद आणि तेल मुरलेल्या मातीचा तोच वास आला, जो सोडून मी हजेरीच्या वहीकडे गेलो होतो. जवळ आल्यावर ती पुटपुटली, "काका, मान आत घ्या. पडताना हात टेकवू नका, मोडंल." चार महिन्यांत मला इतके नीट कुणी शिकवले नव्हते.

मग तिने वाकून माझा एक पाय उचलला. याला एकेरी पट म्हणतात. हा डाव मी बातम्यांत शेकडो वेळा लिहिला आहे, 'सहजपणे' या शब्दासह. शब्द बरोबर होता. आकाश निरभ्र होते. पुढे आलेल्या व्हिडिओनुसार कुस्ती सहा सेकंद चालली. पडताना माझ्या डोक्याखाली तिने आपला हात घातला होता, हेही मला त्या व्हिडिओतच कळले.

गाव बराच वेळ हसले. ते हसून दमल्यावर मुलगी पुन्हा हात पुढे करून उभी राहिली. तिचे वडील दोराच्या कडेला बसलेल्या पैलवानांकडे वळले.

"आता तरी धरा. लाजायचं तेवढं साहेबांनी लाजून घेतलंय."

ताडकळसच्या पैलवानाने थोडा वेळ बुटाच्या नाडीशी खेळ केला. मग नाडी सोडली, उतरला आणि हात धरला.

ती कुस्ती अकरा मिनिटे चालली. एकदा तिने त्याला खाली घेतले, तो कडेला सरकून सुटला. एकदा त्याने तिची कंबर धरली, ती माशासारखी निसटली. कुणी हसले नाही. आबांनी शिट्टी वाजवून बरोबरीत सोडवली, तेव्हा ती रागाने लाल झाली होती. "अजून दोन मिनिटं द्यायची व्हती आबा. तो दमला व्हता." ताडकळसचा पैलवान गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होता. त्याने हे नाकारले नाही.

निघताना तिच्या वडिलांनी नारळ माझ्या मोटारसायकलच्या पिशवीत ठेवला. "आज आमाला लागत न्हाई," म्हणाले.

संध्याकाळी मी बातमी पाठवली. माझी कुस्ती त्यात नव्हती. प्रतिनिधीने बातमीत येऊ नये, हे तत्त्व मला त्या दिवशी विशेष पटले होते. तासाभरात डेस्कवरून फोन आला.

"साहेब, व्हिडिओ इथं शिपायापासून संपादकांपर्यंत सगळ्यांनी पाहिलाय. बातमीत का नाही?"

"जागा नव्हती."

"जागा आहे. मुलीच्या कुस्तीच्या तर दोनच ओळी आल्यात, शेवटी. अकरा मिनिटं चालली ना ती?"

मी बातमी पुन्हा उघडली. खरेच, दोन ओळी होत्या, आणि खाली होत्या. मातीत पडून, तिच्याच हातावर डोके टेकवून आल्यावरही हाताने सवयीने त्या तिथेच ठेवल्या होत्या. मी ती कुस्ती डावांसकट लिहिली आणि दुसऱ्या परिच्छेदात नेली. शेवटची ओळ मोकळी झाली. तिथे लिहिले: 'तत्पूर्वी झालेल्या एका कुस्तीत स्थानिक प्रतिनिधी एकेरी पटावर चितपट झाले.' त्या दिवशी जागा कमी पडावी अशी माझी फार इच्छा होती. पडली नाही.

गेल्या चैत्रात मुलीच्या वडिलांचा फोन आला. त्याच गावाने बोलावले होते आणि जोड आधीच ठरली होती.

"बातमीला या साहेब," ते म्हणाले. "सत्काराचं मी बघतो."

मी गेलो. फेटा बांधू दिला नाही. तिची कुस्ती संपेपर्यंत दोन्ही हात वहीवर ठेवून बसलो.