उंब्रियातल्या डोंगरगावचे चार दिवस

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी दुबईत, देऱ्यातल्या एका कंपनीत नोकरीला होतो. आम्ही संगमरवर कापायची यंत्रं विकायचो. एकदा नवं मशीन बसवायला इटलीहून एक टेक्निशियन तीन महिन्यांसाठी आला. पन्नाशीचा, एकटा, बोलका माणूस. इंग्रजी त्याचं माझ्याहून मोडकं, पण आठवड्याभरात तो अरबीतलं 'यल्ला' म्हणजे चला आणि 'खलास' म्हणजे झालं, एवढं शिकला आणि तेवढ्यावर सगळं वर्कशॉप चालवू लागला. हॉटेलच्या जेवणाला कंटाळला होता म्हणून एका शुक्रवारी मी त्याला अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. मग तो दर शुक्रवारी येऊ लागला. माझ्या बायकोच्या हातची आमटी तो वाटीला तोंड लावून प्यायचा. परत जाताना म्हणाला, "माझी आई उंब्रियात, डोंगरावरच्या गावात राहते. घर मोठं आहे. मुलीला घेऊन तुम्ही तिघं यायचंच."

आम्ही 'इन्शाल्ला' म्हणालो आणि विषय तिथेच राहिला.

त्याच हिवाळ्यात साताऱ्याला माझ्या सासूबाई अचानक गेल्या. बायकोचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन तीनच दिवस झाले होते. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. तिने भावाचा फोन शांतपणे ऐकला, रिसीव्हर ठेवला. रडली नाही. बरी झाल्यावर मी तिकिटाचं विचारलं, तर म्हणाली, "आता जाऊन काय करू?" त्यानंतर घरात तिच्या आईचं नाव निघेना. मुलीने आजीचं काही विचारलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी साताऱ्याला जायचो. त्या वर्षी ती नको म्हणाली. पण घरी बसून तरी काय होणार होतं? मी टेक्निशियनला फॅक्स केला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, कधी येताय एवढंच विचारणारं.

रोमहून आम्ही रेल्वेने पोचलो, तर स्टेशनवर तो स्वतः गाडी घेऊन आला होता. सूर्यफुलांची शेतं, मग ऑलिव्हची झाडं, आणि वळणावळणाने चढत गेल्यावर डोंगराच्या माथ्यावर तटबंदीतलं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी वेशीबाहेरच ठेवावी लागली. लिफ्टमध्ये वाढलेली आमची आठ वर्षांची मुलगी दगडी पायऱ्या मोजत निघाली आणि दोनशेनंतर विसरली. शेकडो वर्षांच्या त्या घरांच्या खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या होत्या. तटावरून खाली अख्खं खोरं दिसायचं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. इतकं हिरवं एका नजरेत पाहून वर्षं झाली होती.

त्याची आई ऐंशीच्या घरातली, काळ्या झग्यातली, कंबरेत वाकलेली. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि आम्हाला थेट जेवायलाच बसवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी धावत माझ्याकडे आली. "पप्पा, व्हाय इज मम्मा क्रायिंग?"

स्वयंपाकघरात आजीबाई निखाऱ्यांवर जाड, गोल तवा ठेवून त्यावर भाकरीएवढी जाडजूड रोटी भाजत होत्या. बायको शेजारी स्टुलावर बसली होती, हात पिठाने माखलेले, आणि हुंदके देत होती. "माझी आई अशीच बोटांनी उलटायची," एवढं मला म्हणाली. मग ती आजीबाईंकडे वळली आणि मराठीतच सांगायला लागली. आईचं दुखणं कोणी कळवलं नाही, शेवटचं बोलणं लोणच्याच्या मिठावरून झालं, आपण गेलो नाही. तवा बाजूला सरकवून आजीबाईंनी सगळं ऐकलं, आणि ती थांबल्यावर आपल्या भाषेत सावकाश काहीतरी म्हणाल्या. मी दारात उभ्या टेक्निशियनला विचारलं. फॅक्समध्ये मी कळवलेलं सासूबाईंचं त्याने आईला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "आई म्हणते, माझ्या आईच्या वेळी मीही पोचले नव्हते."

दुपारी त्या तिला गावाखालच्या दफनभूमीत घेऊन गेल्या. मी मागून चालत होतो. त्यांच्या आईच्या कबरीवर एक दिवा तेवत होता. आजीबाईंनी पिशवीतून दुसरा काढला, पेटवला आणि माझ्या बायकोच्या हातात दिला. तिने तो पहिल्याच्या शेजारी ठेवला, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडून उभी राहिली.

चौथ्या दिवशी निघताना मला आभाराचं नीट बोलता येईना. मी वाकून आजीबाईंच्या पायांना हात लावला. त्या गोंधळल्या, मग हसल्या, आणि त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं.

रोमला परतणाऱ्या गाडीत बायको खिडकीशी बसून मुलीला सांगत होती, तिची साताऱ्याची आजी लहानपणी शाळा बुडवून नदीवर कशी जायची. मुलगी प्रश्नावर प्रश्न विचारत होती आणि ती प्रत्येकाचं उत्तर देत होती. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, ऑक्टोबरमध्ये चार दिवस रजा मिळेल का? साताऱ्याला जाऊन येऊ."

रजा मिळाली. आम्ही गेलो.