हिरव्या दगडाची बांगडी

माझ्या आत्याला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीला, हिरव्या रंगाच्या दोनच वस्तू ठाऊक: केळीचं पान आणि काचेची बांगडी. आईच्या उजव्या हातात जे होतं ते केळीचं पान नव्हतं, म्हणजे ती काच होती. तिच्या लेखी विषय तिथेच संपला.

आई रावेरला सून म्हणून आली तेव्हाच ती बांगडी हातात होती. तिचे वडील तरुणपणी ब्रह्मदेशात लाकडाच्या वखारीत कामाला होते. तिकडे लढाई पेटली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी पायी निघाले आणि कनवटीला खोचून एवढी एकच वस्तू घेऊन आले. पुढे मुलगी झाली, जरा मोठी झाली, तेव्हा त्यांनी ती तिच्या हातात चढवली. हात वाढला, बांगडी काही वाढली नाही, मग ती निघायचीच बंद झाली. आईने सासरी हे सांगितलं तर आत्या सगळ्यांदेखत हसली आणि म्हणाली, सावद्याच्या बाजारात असल्या ढिगाने मिळतात. तेव्हापासून ‘बापाने बर्म्याहून आणली म्हणे’ ही घरातली कायमची थट्टा झाली. हळदीकुंकवाला नवी बाई आली की आत्या तिला ती ऐकवायचीच. मला लहानपणी ताप आला की आई तीच बांगडी माझ्या कपाळाला टेकवायची. रावेरच्या मे महिन्यातही ती माठासारखी गार असे.

मी पुढे भूशास्त्र शिकले, आता धुळ्याला कॉलेजात तेच शिकवते. सुट्टीत घरी आले की आईचा हात धरून भिंगातून पाहायचे. काचेत बुडबुडे दिसतात. ब्रह्मदेशातला नावाजलेला हिरवा दगड म्हणजे जेड; त्याच्या नावाने बाजारात खपवतात त्या हिरव्या क्वार्ट्झमध्ये चमचमते कण दिसतात. इथे दोन्ही नव्हते, आणि पोलादी सुरीने ओरखडाही उठत नव्हता. पण जेड हा एक दगड नाही, दोन आहेत. चिन्यांनी जे हजारो वर्षं कोरलं, मोगलांनी ज्याच्या कट्यारीच्या मुठी केल्या, ते नेफ्राइट. ब्रह्मदेशातलं नावाजलेलं ते जेडाइट, त्याहून जड. पाण्यात तोलल्याशिवाय ठाम बोलता येत नाही, आणि हातातली बांगडी तोलणार कशी? आत्याला असली अडचण नव्हती. तिचं मत कायम तयार.

गेल्या हिवाळ्यात वडील गेले. दहाव्याला बायका जमल्या. नवरा गेलेल्या बाईच्या हिरव्या बांगड्या फोडायची रीत बंद करायचे ठराव गावोगावी होतात म्हणे. आमच्या घराला त्यातला एकही ऐकू आलेला नव्हता. आत्याने आईचा हात पाट्यावर ठेवला आणि वरवंटा उचलला. काचेच्या बांगड्या लगेच फुटल्या. ही मात्र टणकन वाजली आणि तशीच राहिली.

मी म्हटलं, ही दगडाची आहे, माहेरची आहे, लग्नाआधीची आहे, हिचा नवऱ्याशी काही संबंध नाही. आत्याने वरसुद्धा पाहिलं नाही.

“हिरवी हाये ना? मंग फुटलीच पायजे.”

वर्गात मी दरवर्षी सांगते की कठीणपणा वेगळा आणि चिवटपणा वेगळा. हिरा सगळ्यांत कठीण, पण हातोडीने त्याचे तुकडे होतात. जेड त्याहून कितीतरी मऊ, पण आतले स्फटिक दोराच्या पिळासारखे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून फुटत नाही. त्या खोलीत हे कुणाला सांगणार? मी आत्याचा हात धरला तर दोन काकूंनी मला मागे ओढलं. लेकीने यात बोलायचं नसतं म्हणाल्या. पुढचा घाव बांगडीवरून निसटून मनगटावर बसला. बांगडी टिकली, हाड टिकलं नाही. आई फक्त “अक्का” एवढंच म्हणाली. त्या खोलीतल्या एकूण एक बाईचा मला तेव्हा राग आला, आणि तो अजून आहे.

जळगावला पोचेपर्यंत मनगट इतकं सुजलं की बांगडी मांसात रुतली. बोटं निळी पडायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, ही काढावीच लागेल. साबण झाला, तेल झालं. अंगठी कापायचं त्यांचं हत्यार नुसतं घसरत राहिलं. शेवटी सराफ बाजारातून खडे कापणाऱ्याला बोलावलं. त्याने खाली पत्र्याची पट्टी सरकवली आणि वरून पाणी सोडत हिऱ्याच्या चकतीने बांगडी दोन ठिकाणी कापली. आत्याला जे जमलं नाही ते आम्हीच माणूस बोलावून करून घेतलं.

तुकडे मी धुळ्याला नेले. हवेत तोलले, पाण्यात तोलले. काच आणि क्वार्ट्झ दोन्हींपेक्षा घनता बरीच जास्त, नेफ्राइटपेक्षाही जास्त. कापावर भिंग धरलं तर एकमेकांत गुंतलेले दाणे दिसले. रंग भेगांमध्ये साचलेला नव्हता, म्हणजे मागाहून चढवलेला नव्हता. अस्सल जेडाइट. माझे आजोबा खरं बोलले होते, आणि आईसुद्धा.

महिन्याभराने आत्या केळी घेऊन आईला पाहायला आली. मी मुद्दाम तिच्यासमोर सगळं सांगितलं. तिची मान खाली जाईल असं वाटलं होतं. कसलं काय, चोराच्या उलट्या बोंबा.

“खरी व्हती तं सांगाचं ना बाई,” ती आईला म्हणाली. “इतकी भारी वस्तू कोनी फोडतं का?”

आईने प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला. “लगन झालं तवापासून सांगत व्हती, अक्का.”

आत्याने केळी कशी पिकलीत ते विचारलं.

जळगावचा एक सोनार म्हणाला, सोन्याच्या पट्ट्या बसवून बांगडी पुन्हा जोडता येईल, हवं तर बिजागरी लावून उघडती करून देईन. मी हरखून आईला विचारलं. ती नको म्हणाली. “हातात हिरवं दिसलं का पुन्हा कोनीतरी वरवंटा आनीन.”

एक तुकडा मात्र तिने मागून घेतला. उन्हाळ्यात तिचं मनगट ठणकतं, तेव्हा ती तो पदराखाली त्यावर टेकवून बसते. दारात कुणाची चाहूल लागली की उशीखाली सरकवते.