डावीकडची उमेदवार

"सुजाता आज आली नाही का?" गजभिये काकांनी मला विचारलं.

सुजाता ही त्यांची मुलगी. ती त्यांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर खुर्चीत बसली होती.

"बाबा, मी इथेच आहे."

काकांनी मान उजवीकडे, दाराकडे वळवली. "आवाज तर येतोय. कॉरिडॉरमध्ये असेल."

मी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये स्ट्रोक वॉर्डची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारानंतर दाढी, जेवण, कपडे ही रोजची कामं माणसाला पुन्हा जमवून देणं हे माझं काम. माझ्या नागपूरच्या नातेवाइकांना अजून वाटतं, मी लोकांना नोकऱ्या लावून देते.

काकांना मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला होता. त्यातून जे होतं त्याला आम्ही निग्लेक्ट म्हणतो. डोळे शाबूत असतात, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. डावीकडे अंधार दिसतो असंही नाही. डावीकडे काही असू शकतं, हेच मनात येत नाही. काका अर्धी दाढी करत आणि गालावर समाधानाने हात फिरवत. ताटाचा उजवा अर्धा भाग संपवून "इथे जेवण फार कमी देतात" म्हणत. अठरा वर्षं मी हे बघतेय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

बाकी काका तल्लख. इंजिनिअर. तीस वर्षं न्यू जर्सीत काढलेली, तिथलंच नागरिकत्व, आणि बायको गेल्यावर इकडे मुलीकडे आलेले. पहिल्याच दिवशी "जय भीम, तुम्ही आमच्याकडच्याच दिसता" म्हणून त्यांनी मला ओळखलं होतं. उशाशी एक लिफाफा होता. तिकडे प्रायमरी होती. म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी पक्षाचे मतदारच ठरवतात. या वेळी तब्बल बारा जण उभे होते. परदेशातल्या मतदाराने बॅलट, म्हणजे मतपत्रिकेचा कागद, भरून परत पाठवायचा. शुक्रवारी तो कुरियरने निघायलाच हवा होता.

"माझ्या आजोबांना मत नव्हतं," काका म्हणाले. "मी आजवर एकही चुकवलेलं नाही. आणि विचार न करता एकही दिलेलं नाही."

मी त्यांच्या आखडलेल्या डाव्या हाताचा व्यायाम करून घेत असताना ते उमेदवार तोलत. एक हेल्थकेअरवर पक्का, पण युद्धाचा विषय निघाला की गुळमुळीत. दुसरा बोलतो छान, पण गरिबांची आठवण त्याला भाषणाच्या शेवटच्या मिनिटाला येते. एका बाईला मत द्यायचं असं त्यांच्या मनात वर्षभर होतं. ती मात्र यादीत नव्हती.

"माघार घेतलेली दिसते," ते खचून म्हणाले. "मला कोणी सांगितलंसुद्धा नाही."

"अरेरे," मी म्हणाले.

"रोज कोणी ना कोणी बाहेर पडतंच, बाबा," सुजाता म्हणाली. एवढ्या गर्दीत तसं होतंच, त्यामुळे आम्हा दोघींना काही वावगं वाटलं नाही.

गुरुवारी दुपारी काका म्हणाले, "सहातून एक ठरवलाय. पेन द्या."

सहा? मी कागद पाहिला. नावं दोन कॉलममध्ये होती. ती बाई डाव्या कॉलममध्ये, दुसरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निग्लेक्टची टेस्ट मीच घेतली होती. रिपोर्टवर सही माझी होती.

"काका, डावीकडे अजून नावं आहेत."

"नाहीत. चारदा वाचलंय मी." त्यांचं बोट उजव्या कॉलमच्या कडेला येऊन थांबलं. "इथे कागद संपतो."

लिफाफ्यात बॅलटची एक नमुना प्रत होती. मी ती खालची बाजू वर करून त्यांच्यासमोर धरली. आता डावा कॉलम उजवीकडे आला. काका उलटी अक्षरं लावत वाचू लागले. सहा नावं. सगळी वेगळी.

"ही तर आहे की!" त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. "पण मघाचे सहा कुठे गेले?"

मी कागद सरळ केला. ते सहा परत आले. ती गेली.

"यांना कोण काढतंय?" काका कुजबुजले.

खोलीत लख्ख ऊन होतं. सुजाताने माझं मनगट घट्ट धरलं.

मी आमच्या टीम लीडकडे, हेलनकडे धावले. ती म्हणाली, "नाव सुचवायचं नाही. खूण करायची नाही. त्यांना अख्खी यादी दिसेल असं कर. तेवढंच तुझं काम."

मी नमुन्याच्या प्रतीच्या बारा पट्ट्या कापल्या. एका पट्टीवर एक नाव. त्या एकाखाली एक, टेबलाच्या उजव्या बाजूला मांडल्या. काकांनी बोट ठेवत दोनदा मोजल्या.

"म्हणजे मी अर्ध्याच माणसांत एवढा विचार करत होतो," ते म्हणाले. "आणि मला पूर्ण खात्री होती."

मग एकदम, घाबरून, "सुजाता इथेच आहे का?"

टेबलाच्या डाव्या कडेला मी लाल टेप लावली होती. टेप दिसेपर्यंत मान वळवत राहायचं, ही आमची जुनी युक्ती. "वळवा, काका. अजून. अजून." लाल टेप आली. तिच्यापलीकडे सुजाताचा गुडघा आला, मग चेहरा.

"केव्हा आलीस गं?"

सुजाता हमसून रडली. मीसुद्धा थोडी रडले.

शुक्रवारी सकाळी काकांनी बाराही जण पहिल्यापासून तोलले. दोन तास. त्या बाईलाही सवलत नाही. खऱ्या बॅलटवर खूण त्यांनी स्वतः केली. कोणासमोर ते मी पाहिलं नाही. लिफाफा वेळेत गेला.

दोन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी व्हिजिटला गेले. दारातच सुजाता हळू आवाजात म्हणाली, "त्या बाईंनी खरंच माघार घेतली. प्रायमरीच्या आधीच."

काकांच्या हातात टॅबलेट होता, त्याच्या डाव्या कडेला लाल टेप. त्यावर उरलेल्या उमेदवारांची नवी यादी. काका मान वळवत टेपपर्यंत गेले, टेपच्या पलीकडे गेले, परत आले.

"ती दिसत नाही," ते म्हणाले. "खरं सांगा. ती नाही, की मला दिसत नाहीये?"

"खरंच नाही, काका."

"बघून सांगताय?"

मी बघितलं नव्हतं. या वेळीही नाही. मी वाकले, लाल टेपवर बोट ठेवलं आणि तिथून यादी एकेक नाव करत वाचली. मगच "नाही" म्हणाले.