सुनेच्या मुलाखतीला पोर्टलीशपर्यंत

सकाळी नऊच्या सुमाराला डब्लिनलगतच्या ॲडम्सटाउनच्या फलाटावर आम्ही तिघं उभे होतो. मी, माझी सून केतकी आणि नऊ वर्षांची नात इरा. समोरच्या फलाटावर डब्लिनला कामाला निघालेल्यांची गर्दी, आणि आमच्या बाजूला आम्ही व एक सायकलवाला. आम्ही डब्लिनकडे पाठ करून निघालो होतो, पोर्टलीशला.

पोर्टलीश हे लीश जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. आयर्लंड पाहायला आलेला माणूस सहसा तिथे उतरत नाही. तिथल्या रुग्णालयात केतकीची मुलाखत होती. ती फिजिओथेरपिस्ट. नागपुरात तीन वर्षं काम केलेली. मग निखिलला, म्हणजे माझ्या मुलाला, इकडे नोकरी लागली, इरा झाली आणि केतकीची दहा वर्षं घरात गेली. इथे काम करण्याची मान्यता मिळवायला तिने दोन वर्षं खर्ची घातली होती. आधीच्या दोन मुलाखतींत मधल्या खंडाबद्दल विचारलं गेलं आणि नकार आला. ही तिसरी. निखिलला रजा मिळाली नाही, इराच्या शाळेला सुट्टी होती आणि माझ्या बायकोचे गुडघे दुखत होते, म्हणून सोबतीला मी.

मी वर्ध्याचा; बायकोबरोबर मुलाकडे काही दिवस राहायला आलो होतो. भूकरमापक म्हणून निवृत्त झालो, तेव्हा खरं काय ते लिहायची सवय आहे. ही नोकरी केतकीला मिळू नये असं मला मनातून वाटत होतं. वर्ध्याच्या घरावर मी मुलासाठी दुसरा मजला चढवून ठेवला आहे. सुनेलाही नोकरी लागली की हे लोक कायमचे इकडचे होणार, हे मला कळत होतं. बोललो मात्र कोणाशीच नाही.

गाडी वेळेवर आली. पाऊस असा नव्हताच, हवेतच बारीक पाणी होतं. किल्डेअरच्या अलीकडे एक मोकळं, विस्तीर्ण गवताळ मैदान लागलं. कुंपण नाही की बांध नाही, नुसत्या मेंढ्या. पुढे काळपट, दलदलीची जमीन. इरा म्हणाली, "आजोबा, ती माती कापून, वाळवून लोक चुलीत जाळतात." (इरा इंग्रजीत बोलते, तेही आयरिश हेल काढून. मराठी तिला सगळं समजतं. तिचं बोलणं मी मराठीत लिहितो आहे.) केतकीचं बाहेर लक्ष नव्हतं. ती आवाज न काढता, नुसते ओठ हलवत उत्तरं पाठ करत होती.

तासाभरात पोर्टलीश आलं. स्टेशन दगडी, जुनं, आटोपशीर. तिथून उतार उतरत पाचसात मिनिटांत आपण मुख्य रस्त्याला लागतो. रस्ता चिंचोळा, दुकानांच्या पाट्या हिरव्या-लाल रंगांच्या, एक औषधाचं दुकान, दोन न्हाव्यांची, मध्येच न्यायालयाची भारदस्त इमारत. तिच्या शेजारच्या जुन्या तुरुंगात आता नाटकं होतात. जरा आत वळलं की चारपाचशे वर्षांपूर्वीच्या किल्ल्याची भिंत दिसते. इंग्रजांनी तो बांधला आणि त्याच्याभोवती वसलेल्या गावाला आपल्या राणीचं नाव दिलं. देश स्वतंत्र झाल्यावर लोकांनी ते नाव पुसलं. त्या भिंतीवर मी हात ठेवून पाहिला. गार आणि ओली होती.

एका छोट्या हॉटेलात आम्ही चहा आणि स्कोन (गोडसर, जाडजूड बिस्किटासारखा पाव) घेतला. केतकीने स्कोनचा तुकडा मोडला आणि बशीतच ठेवला.

"खा ना थोडं," मी म्हणालो.

"नको बाबा. घशाखाली उतरणार नाही."

मग ती गावातल्या छोट्या बसने रुग्णालयाकडे गेली. पाठीवरची मोठी पिशवी तिने माझ्याकडे दिली. त्यात रेनकोट, पाणी, इराचा खाऊ होता. तिची स्वतःची पर्स तेवढी तिच्या खांद्याला.

मुलाखत साडेअकराला होती आणि आम्हाला दोन तास काढायचे होते. इराने शाळेत रॉक ऑफ डनमेसबद्दल ऐकलं होतं. गावापासून सहाएक किलोमीटरवर खडकाळ टेकडी आणि तिच्यावर पडका किल्ला. आम्ही टॅक्सी केली. टॅक्सीवाले काका गप्पिष्ट होते. "पोर्टलीश म्हटलं की लोकांना फक्त आमचा मोठा तुरुंग आठवतो," ते म्हणाले. "तुम्ही आपणहून आलात, हे फार छान झालं!" दीडला परत न्यायला येतो असं सांगून आणि आपला नंबर देऊन ते गेले.

पायथ्याशी एक लहानसं चर्च आहे. तिकीट नाही, पहारेकरी नाही. ओल्या गवतातून चढत आम्ही कमानीखालून वर गेलो. भिंतींचे मोठमोठे तुकडे आडवे पडलेले, त्यांवर झुडपं. वर पोचलो आणि ढग जरा विरले. चारी बाजूंना लीश जिल्हा पसरला होता. माझी उभी हयात धुऱ्यांवरच्या (आमच्या विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात) भांडणांची मोजणी करण्यात गेली. इथले धुरे म्हणजे काटेरी झुडपांच्या ओळी, आणि एकही सरळ नव्हती. हे मोजायला मला दुसरा जन्म लागला असता. पश्चिमेला निळसर डोंगरांची रांग होती. मला वर्ध्यातल्या कुणाला तरी हे दाखवावंसं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बाबा, निळी फाईल तुमच्याकडच्या पिशवीत आहे का?" केतकीचा आवाज ओळखू येत नव्हता.

मी पिशवी उघडली. रेनकोटाखाली निळी फाईल होती. पावसात भिजू नये म्हणून तिनेच सकाळी तिथे ठेवली होती.

"आहे."

"त्यात मूळ प्रमाणपत्रं आहेत. मुलाखत चांगली झाली बाबा, खरंच चांगली झाली. पण त्यांना ती आज पाहायची आहेत. एक वाजता त्या बाई दुसऱ्या गावी निघतात. तुम्ही कुठे आहात?"

मी कुठे आहे ते सांगितलं. ती हळूच म्हणाली, "जाऊ द्या. पळापळ करू नका. तुम्ही पडाल."

ते ऐकून मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मला हवं होतं तेच आपसूक होऊ घातलं होतं, आणि माझ्याकडे कोणी बोटही दाखवलं नसतं. पण मी म्हणालो, "तू दारात उभी राहा. मी आणतो."

टॅक्सीवाल्या काकांना फोन केला. ते दुसऱ्या गावाला भाडं घेऊन गेले होते आणि यायला पाऊण तास लागणार होता. "चाल वं माय, पळ!" मी इराला ओरडलो आणि आम्ही उतार धरला. अर्ध्या वाटेवर माझा पाय सटकला आणि मी गवतावरून बसूनच दोन हात घसरलो. विजार चिखलाने भरली. इराने माझ्या हातातली फाईल ओढून घेतली आणि आपल्या कोटाच्या आत छातीशी धरली.

खाली चर्चजवळ एक साठीच्या बाई ओल्या कुत्र्याला गाडीत चढवत होत्या. मला आयुष्यात अनोळखी माणसाकडे काही मागता आलेलं नाही. मी नुसताच उभा राहिलो. इरा सरळ पुढे गेली. "माझी आई रुग्णालयात आहे," ती म्हणाली, "आणि आम्हाला एकच्या आत पोचायचंय."

बाई घाबरल्या. "अगं बाई, काय झालं तिला?"

"काही नाही. तिला नोकरी मिळायचीये."

बाई हसल्या आणि त्यांनी मागचं दार उघडलं. "बसा. कुत्र्याला सरकवा."

त्यांचं नाव ब्रीडा. मी चिखलाबद्दल माफी मागितली, तर "यू आर ग्रँड," म्हणाल्या. (इथे ग्रँड म्हणजे भव्यबिव्य नव्हे, 'असू द्या हो, चालतंय'.) अरुंद रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर लागला. माझी नजर घड्याळावरून हलेना. ब्रीडाबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "काय काम करते सून?"

"फिजिओथेरपिस्ट आहे," मी म्हणालो, आणि पुढे माझं मलाच ऐकू आलं, "फार हुशार आहे. फार कष्ट केलेत तिने."

हे मी केतकीसमोर कधी बोललो नव्हतो.

"माझा नवरा तिथेच सहा आठवडे होता," ब्रीडाबाई म्हणाल्या. "त्याला पुन्हा चालतं केलं त्या मुलींनी." ट्रॅक्टर वळला आणि त्यांनी गाडी दामटली.

एकला आठ मिनिटं असताना आम्ही पोचलो. केतकी कोट न घालता दारात उभी होती. इराने कोटातून फाईल काढून दिली. केतकीने माझ्या विजारीकडे पाहिलं आणि ती आत धावली. ब्रीडाबाई गाडी वळवून निघून गेल्या. त्यांचं आडनावही मी विचारलं नाही, याची चुटपूट अजून आहे.

दुपारी आम्ही तिघांनी गाजर-बटाट्याचं गरम सूप आणि सोडा ब्रेड (यीस्टऐवजी सोडा घालून केलेला तपकिरी, भरभरीत पाव) खाल्ला. केतकीने लोणी लावून चार तुकडे संपवले.

परतीच्या गाडीत इरा खिडकीला डोकं टेकून झोपली. मी केतकीला म्हणालो, "एक सांगू? ही नोकरी तुला मिळू नये असं मला वाटत होतं."

"माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तुम्ही एकदाही विचारलं नाही, तयारी कशी चाललीये म्हणून."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "चुकलं माझं," मी म्हणालो. तिने माझ्या विजारीवरच्या चिखलाकडे पाहिलं. म्हणाली, "आज मात्र तुम्ही पडलात माझ्यासाठी," आणि हसायला लागली. मलाही हसू आवरेना. डबाभर लोक बघत होते.

आठव्या दिवशी पत्र आलं. तिला घेतलं होतं.

आम्ही वर्ध्याला परतलो. लोक विचारतात, आयर्लंडमध्ये काय पाहिलं? मी समुद्राचे कडे, डब्लिनचा नदीकाठ सगळं सांगतो, पण सांगता सांगता पोर्टलीशवरच येतो. ते गाव नकाशावर शोधताना त्यांचं बोट अडखळतं. एखादं गाव आपलं व्हायला तिथे घर किंवा शेत असावं लागतं, असं मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो. त्या गावात माझा वीतभरही तुकडा नाही, तरी तिथलं हवामान मी रोज सकाळी फोनवर बघतो.

मागच्या रविवारी केतकीचा फोन आला. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले एक म्हातारे शेतकरी आदल्या दिवशी पलंगापासून खिडकीपर्यंत चालले, असं ती सांगत होती. नऊ पावलं. खिडकीशी पोचल्यावर त्यांनी आधी बाहेरच्या गायी मोजल्या आणि मगच खुर्चीत बसले.

पूर्वी मी एवढ्यावर इराला फोन दे म्हटलं असतं. या वेळी विचारलं, "मग उद्या कुठपर्यंत नेणार त्यांना?"

"दारापर्यंत," ती म्हणाली, आणि कसं नेणार ते अर्धा तास सांगत राहिली.