खालचा खण

काकाची मला किळस येते. सख्खा आहे, म्हणून जरा जास्तच येते.

लग्न न केलेला हा माणूस थोरल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या जिवावर जेवतो. दुपारी तिचा डबा, रात्री तिच्याकडेच पान. आत्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवते. जिन्यात इवल्या चपला, दोरीवर लंगोट, आणि एकाला झोपवावं तर दुसरं उठतं. काका त्या पोरांना ओलांडून पानावर बसतो आणि मीठ कमी असेल तर सांगतो.

नोकरी विधिमंडळात. राज्याचे कायदे आणि सभागृहात आलेली विधेयकं साइटवर चढवायची, एवढंच काम. लोकांनी फुकटात, घरबसल्या वाचावं आणि पटलं नाही तर मुदतीत हरकत कळवावी, यासाठी ती साइट.

मध्यंतरी पाळणाघरवाल्या बायकांत कुजबुज सुरू झाली, आपल्यावर कायदा येतोय म्हणून. आत्यानं काकाला विचारलं.

"साइटवर बघ," म्हणत त्यानं वाटी पुढे केली.

ती रोज दूध तापत ठेवून फोनवर बघायची. 'एकही विधेयक प्रलंबित नाही.' मग सगळ्याजणींना छातीठोकपणे सांगायची, "उगाच घाबरू नका गं. माझ्या भावाचं काम आहे ते, त्यात चूक नसते."

आणि एक दिवस नोटीस आली. कायदा मंजूर झालाय, पाळणाघर तळमजल्यावरच हवं, महिनाअखेर बंद करा.

आत्यानं मला डबा आणि नोटीस देऊन ऑफिसात पाठवलं. काकानं नोटीस वाचली आणि चक्क हसून टेबलाचा खालचा खण ओढला. आत विधेयकांचा गठ्ठा, त्यावर उघडा बिस्किटाचा पुडा.

"हे होतं की माझ्याकडे. पण मंजूर झाल्यावरच चढवतो मी सगळं."

"आधी का नाही?"

"आधी टाकलं की लोक वाचतात गं! मग फोन, हरकती, एकेकाची नोंद. कोणी सांगितलाय नसता व्याप?"

बोटांना लागलेला बिस्किटाचा चुरा त्यानं वरच्याच विधेयकाला पुसला. मॉनिटरशेजारी ढाल होती, एकही हरकत न आलेला विभाग म्हणून मिळालेली. वरातीमागून घोडं, आणि घोड्याचाच सत्कार! डबा तिथेच ठेवून मी निघाले.

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. संध्याकाळी तो आला. तिनं त्याला पोटभर वाढलं आणि मग विचारलं, "निदान मला तरी सांगायचंस."

"घरच्यांना आधी सांगणं नियमात बसत नाही, ताई," तो तोंड पुसत म्हणाला.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले. यानं वासेच काढून नेले होते.

आत्यानं ताट उचललं. "उद्यापासून तुझं जेवण बंद."

"अगं, असं अचानक? आधी नाही का सांगायचं?"

"साइटवर बघ," आत्या म्हणाली आणि नळ सोडून ताट घासायला लागली.